कोपरा आला की गिरणी बंद

भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, गुंडेराव जनवाडकर वडलांची काळी शेरवानी अंगात घालून थर्माकोलच्या तुकड्यावर कोपर घासत उभे असायचे. घासून झालं की उजेडात जाऊन बाही निरखायचे. काळ्या कापडावर एक जरी पांढरा दाणा दिसला तरी तो तुकडा रद्दीच्या पोत्यात जाई. नाही दिसला तर शेरवानी उतरून खुंटीवर जाई, आणि त्यानंतरच गुंडेराव घाम पुसत.

ही शेरवानी त्यांच्या वडलांनी निजामाच्या महसूल खात्यात असताना शिवून घेतलेली होती. ती घालून थोरले जनवाडकर हैदराबादला कुणा नवाबसाहेबांपुढे उभे राहिले होते, असं घरात सांगत. कशासाठी उभे राहिले होते, ते कुणी सांगत नसे. गुंडेरावांच्या मते त्या वस्त्राचा खरा उपयोग त्यांनीच शोधून काढला होता. "इतकं काळं कापड आता मिळत न्हाई, मास्तर," ते मला म्हणत. "ह्याच्यापुढं खोटं टिकत न्हाई."

मी तेव्हा भालकीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि गुंडेरावांच्या घरासमोर भाड्यानं राहत होतो. कर्नाटक सरकारच्या पगारावर मराठी शिकवणाऱ्या माणसाला फावला वेळ पुष्कळ असतो. तो मी गुंडेरावांकडे बघण्यात घालवला.

ते बांधकाम खात्यातून ट्रेसर म्हणून निवृत्त झाले होते. ट्रेसरचं काम म्हणजे इंजिनियरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं गिरवायचा. गुंडेरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. एका ओढ्यावरच्या पुलाचा नकाशा तर त्यांनी तीनदा गिरवला होता. निजामाच्या काळात त्यावर नावं उर्दूत होती, मग इंग्रजीत आली, आणि म्हैसूर राज्य झाल्यावर कानडीत. ओढा अजूनही लोक धोतर वर करून ओलांडत. गुंडेरावांना त्याचं काही वाटत नसे. "पूल झाला न्हाई हे खरंय," ते म्हणत, "पण रेघ बघा रेघ. तिन्ही राज्यांत तीच."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. अक्का कमी बोलत आणि जे बोलत ते भावाला लागेल असं बोलत. लग्न का केलं नाही, असं मी एकदा गुंडेरावांना विचारलं तेव्हा त्यांनी बराच वेळ पट्टी पुसली. आतून अक्का म्हणाल्या, "कड जुळली न्हाई म्हणून."

निवृत्तीनंतर हैदराबादच्या एका दुकानात गुंडेरावांना थर्माकोल दिसलं आणि त्यांच्या आयुष्यातला रिकामा भाग संपला. ब्लेडनं कापलं की थर्माकोलचे दाणे सुटतात, कड कुरतडल्यासारखी दिसते. सगळी दुनिया ते चालवून घेत होती. गुंडेरावांना चालेना. त्यांनी यंत्र केलं. जुन्या ड्रॉइंग टेबलाला मधोमध भोक पाडलं, त्यातून शेगडीची तार उभी ताणली, खाली एका बिघडलेल्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर जोडला. तार तापली की थर्माकोल न कुरकुरता दुभंगे. शीट पुढं सरकवायला हात लागत नसे. दोरीच्या टोकाला वाण्याकडचं जुनं लोखंडी वजन बांधून कप्पीवरून सोडलं होतं. ते आपल्या गतीनं उतरे आणि शीट आपोआप तारेवर जाई.

"हाताचा भरवसा न्हाई," ते समजावून सांगत. "हाताला मन असतंय. मन आलं की रेघ हालती."

सरळ रेघेपर्यंत हे सगळं ठीक होतं. अडचण कोपऱ्याला होती. तिथं वजन थांबवून शीट काटकोनात वळवावी लागे, आणि त्या क्षणी तार हवी तेवढीच गरम लागे. जास्त तापली तर कोपरा वितळून बीळ पडे. थंड झाली तर ती दाणे ओढून काढी. आणि तार थंड होण्याचं कारण भिंतीपलीकडेच होतं. तिथं नरसिंगअप्पांची पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की गुंडेरावांच्या खोलीतला दिवा पिवळा पडे. व्होल्टेज मोजायला त्यांच्याकडे तो दिवाच होता. कापताना त्यांची एक नजर तारेवर असे आणि एक दिव्यावर, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला ते तिरळे वाटत.

नरसिंगअप्पांशी या बाबतीत बोलणी झाली आणि फिसकटली. "गुंडेराव, लोकाच्या भाकरी थांबायल्यात तुमच्या कोपऱ्यापायी," असं त्यांचं म्हणणं होतं. "भाकरी गोल असती, अप्पा," गुंडेराव म्हणाले. "तुम्हाला कोपरा काय कळणार?"

त्यातून वाट काढली ती नरसिंगअप्पांच्या मुलीनं. मंगल तेव्हा सातवी संपवून घरी बसली होती, आणि दुपारी बाप जेवून आडवा झाला की गिरणीवर बसे. एकदा पलीकडून गुंडेरावांचा त्रासलेला आवाज आला, "अगं, कोपरा आलाय." मंगलनं काही न विचारता खटका खाली ओढला. गिरणी थांबली. दळणाला बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "झाला." मंगलनं खटका वर केला.

पुढची कितीतरी वर्षं आमच्या गल्लीतली दुपार अशी चाले. "मंगल, कोपरा." शांतता. "झाला." पुन्हा घरघर. बायकांनाही सवय झाली. "आला बया म्हाताऱ्याचा कोपरा," म्हणत त्या तेवढ्यात पदर झटकून घेत. गुंडेराव कधी तिचे आभार मानताना मी ऐकलं नाही. पण मंगल तापानं आजारी पडली तेव्हा त्यांनी आठवडाभर यंत्राला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाले, व्होल्टेज नाही. त्यांचं काहीही बिनसलं की कारण तेच असे. दाढी करताना कापलं तरी व्होल्टेज.

मंगल गिरणीवर नसली की ते गोल वस्तू करत, आणि त्या करताना त्यांचं तोंड कडू झालेलं असे. बिदरच्या मधोमध चौबारा नावाचा जुना गोल बुरूज आहे, त्याची प्रतिकृती हा त्यांचा अशा वेळचा उद्योग. "गोलाचं काय," ते म्हणत. "मधे खिळा ठोका, शीट फिरवा. थांबायचं न्हाई, वळायचं न्हाई. कुणीबी करंल."

आता ह्या वस्तूंना गिऱ्हाईक कोण, तर वधूमाता. आमच्याकडे लग्नात नवरीकडचे लोक मांडवात रुखवत मांडतात. लाडू-चकल्यांच्या राशींबरोबर नवरीच्या हातच्या कलाकुसरीच्या वस्तू ठेवायच्या आणि पुढं चिठ्ठी लावायची, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केले.' गुंडेरावांचं यंत्र सुरू झाल्यापासून भालकीच्या मुलींचे हात अचानक फार कसबी झाले. कमठाण्यापर्यंतच्या रुखवतांत त्यांचे महाल, पालख्या, तुळशीवृंदावनं दिसू लागली. चिठ्ठीवर नाव मुलीचं. गावाला खरं माहीत असे आणि गाव चिठ्ठी मोठ्यानं वाचून मान डोलावे. लग्नमांडवात माणूस एरवीही बरंच काही मान डोलावून ऐकून घेतो, त्यात हे एक.

काही आया चतुर असत. "जरा वाकडं करा," त्या सुचवत, "पोरीच्या हातचं वाटाय पायजे." गुंडेराव त्यांना दारातूनच परत पाठवत. वाकडं करायला गावात पुष्कळ लोक आहेत, असं त्यांचं म्हणणं.

ह्या व्यवहाराला एक शेपूट होतं आणि ते श्रावणात दिसू लागलं. पोस्टमनची मुलगी लातूरला दिली होती. तिच्या रुखवतातला महाल बघून सासरा इतका खूश झाला, की त्यानं गणपतीला मखर विकत न आणण्याचं ठरवलं. घरातच एवढी कलावंत सून असताना पैसे का घालवायचे? सून पंचमीच्या निमित्तानं माहेरी आली ती थेट अक्कांपुढे बसून रडली. गुंडेरावांना रडण्याचं कारण कळेना. त्यांनी मूर्तीची उंची विचारली. मखर सुट्या भागांत कापलं गेलं, गोधडीत बांधलं गेलं आणि लातूरला बंद खोलीत जोडलं गेलं. पुढच्या वर्षी सासऱ्यानं शेजाऱ्यांसाठीही शब्द दिला.

मग दरवर्षी हेच. गणपती जवळ आले की भालकीच्या लेकींना माहेरची फार ओढ लागे. त्या येताना रिकाम्या हातानं येत आणि जाताना प्रत्येकीकडे एक भलीमोठी, वजनाला हलकी गोधडी असे. गुंडेराव त्या दिवसांत खुशीत असत. त्या गोधडीमागे एक घाबरलेली मुलगी वर्षभर आपल्याच हातांकडे चोरून बघत असते, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. कड स्वच्छ होती ना, मग झालं.

हे ज्या मुलीच्या ध्यानात आलं होतं ती भिंतीपलीकडे खटक्याशी बसलेली असे. सगळ्या गोधड्या तिच्यासमोरूनच जात.

मंगलचं लग्न उदगीरला ठरलं. गुंडेरावांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की मंगलच्या रुखवतात असा महाल ठेवीन की बिदरपासून लोक बघायला येतील. एकशे आठ कोपरे, आणि शेरवानीवर दाणा दिसला तर नाव बदलीन. मंगलची आई हरखली. गुंडेरावांच्या जुन्या कचेरीतल्या हेडक्लार्कनं 'बघू तरी' म्हटलं, म्हणजे बातमी गावभर झाली. नकाशा भिंतीवर लागला. सुपारी फुटल्यावर आईनं मंगलचं गिरणीवर बसणं बंद केलं. महालासाठी गिरणी मीच थांबवीन, असं खुद्द नरसिंगअप्पा म्हणाले. इतक्या वर्षांचा तंटा असा एका वाक्यात मिटला.

तो मिटवला नसता तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. गुंडेराव दारात तार घासत होते. मंगल आली आणि उभ्यानंच म्हणाली, "काका, मला महाल नको."

"कामून?"

"दरसाल गोधडीत बांधून किती न्यायचा?"

गुंडेराव तार घासायचे थांबले. ती म्हणाली, "पोस्टमनकाकाची सुमन अजून झोपेत दचकती. मला तसं न्हाई जमायचं. मला यंत्र दावा. मी करीन. पण तुम्ही हात लावायचा न्हाई."

"तुझी कड यायची न्हाई."

"नको येऊ दे. माझी तर असंल."

गुंडेरावांनी तार उजेडात धरून बघितली. मग तडजोडीच्या आवाजात म्हणाले, "मग चौबारा कर. गोल हाय. खिळा ठोक, फिरव. दाणे कमी सुटतील."

"देऊळ करते," मंगल म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या कोपऱ्यापायी गिरणी बंद केली. एक तरी कोपरा बघू द्या की."

पुढे दोन दिवस गुंडेरावांचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी भिंतीवरचा नकाशा गेला, आणि मंगल अक्कांकडे कशिदा शिकायला जाते आहे असं तिच्या आईला कळवण्यात आलं. आईला आनंद झाला. तिच्या समजुतीप्रमाणे एका खोलीत मुलगी कशिदा शिकत होती आणि दुसरीत महाल उभा राहत होता.

त्याच आठवड्यात मी ज्वारीचं दळण घेऊन गिरणीवर गेलो. नरसिंगअप्पा लग्नाची आमंत्रणं द्यायला मेहकरकडे गेले होते. पिठाच्या डब्यापाशी त्यांचा गडी होता, आणि खटक्याशेजारच्या मंगलच्या स्टुलावर गुंडेराव बसले होते. अंगात शेरवानी होती. गिरणीवर नजर ठेवायला अप्पांनी सांगितलंय, असं त्यांनी मी न विचारता सांगितलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून मुलीचा आवाज आला, "काका, कोपरा."

गुंडेरावांनी खटका खाली ओढला. दोन्ही हातांनी ओढला. गिरणी थांबली. ते डोळे मिटून, मान भिंतीकडे कलती करून बसले. पलीकडे शीट कशी वळते आहे ते त्यांना ऐकू येत असावं, कारण एकदम त्यांचा चेहरा पिळवटला. कोपरा गेला होता. ते उठले, दाराकडे निघाले, परत आले, बसले.

"झाला," पलीकडून आवाज आला. त्यांनी खटका वर केला.

शेरवानी गिरणीत घालून कशाला आलात, असं मी विचारलं. पिठानं ती इतकी पांढरी झाली होती की तिच्यावर थर्माकोलचा दाणा काय, लिंबू बसलं असतं तरी उठून दिसलं नसतं.

"घाईत निघालो," गुंडेराव म्हणाले. मी त्यांना आयुष्यात कधी घाईत बघितलेलं नव्हतं.

देऊळ चार दुपारींत झालं. त्यानंतर गुंडेरावांची खरी परीक्षा सुरू झाली. ते पुढच्या खोलीत ठेवलेलं होतं आणि अक्कांनी खोलीला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली होती. मंगलनं तसं सांगूनच ठेवलं होतं. गुंडेराव अक्कांच्या मागं-मागं फिरत. सगळं न्हाई, एकच कोपरा, डाव्या बाजूचा, नुसता तारेवरून फिरवतो, कुणाला कळायचं न्हाई. अक्का तांदूळ निवडता निवडता म्हणत, "गुंडू, जेवून घे." शेवटी त्यांनी खिडकीतून तरी बघू द्यावं अशी विनंती केली. अक्कांनी खिडकी उघडली. गुंडेरावांनी एकदा बघितलं आणि स्वतःच लावून घेतली. त्या दिवशी अक्कांनी घरातून सूपभर पांढरे दाणे झाडून काढले. हे घर झालं तेव्हापासून पहिल्यांदाच, असं त्यांनी मला मुद्दाम रस्त्यापलीकडून सांगितलं.

लग्नाच्या सकाळी रुखवतावरचं कापड काढलं आणि मंगलची आई मटकन खालीच बसली. महालाच्या जागी वीतभर देऊळ होतं. शिखर पूर्वेकडे झुकलेलं, पायऱ्या एकसारख्या नाहीत, आणि प्रत्येक कोपरा उंदरानं चाखून सोडल्यासारखा. पुढं चिठ्ठी होती, 'चि. सौ. कां. मंगल हिने स्वहस्ते केले.' आमच्या गावातली ती पहिली खरी चिठ्ठी, आणि गावात तिच्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही.

नवरदेवाची आत्या उदगीरला शिवणक्लास घेत असे. तिनं पाहुण्यांच्या घोळक्यातून वाट काढून देवळाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला दाणे चिकटले. तिनं मंगलला बोलावून विचारलं, हे असं का झालं? मंगलनं मुंडावळ्या सावरत सांगितलं, की गिरणी थांबवली तरी तार लगेच तापत नाही, आणि घाईनं वळवलं की कोपऱ्याला दाणे ओढते. पुढच्या वेळी आधी थांबून मग वळवून बघणार आहे. आत्यानं ऐकून घेतलं. "हात कच्चा हाय," ती म्हणाली, "पण सोताचा हाय." आणि ती लाडवांकडे वळली. लाडवांबद्दल ती इतकं बरं बोलली नाही.

खरी पंचाईत पंगतीत झाली. आमची गावातल्या माणसांची पंगत शेवटची होती. पाहुणे उठून गेले होते. गुंडेराव माझ्या शेजारी बसले होते. शेरवानी झटकून आणली होती, पण शिवणींत पीठ राहिलंच होतं. समोर हेडक्लार्क. ज्या माणसाच्या रजिस्टरातल्या रेघांना गुंडेराव नोकरीभर हसत आले, तो आज बुंदीच्या वाटीवरून त्यांच्याकडे बघत होता.

"का हो जनवाडकर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "महाल म्हणत होतात. कड कुठं गेली तुमची?"

वाढपीसुद्धा थांबले. गुंडेरावांचं आजवरचं सगळं नाव त्या ताटांच्या दोन रांगांच्या मधोमध येऊन पडलं होतं. एका वाक्यात ते उचलून घेता आलं असतं. देऊळ माझं नाही, एवढंच म्हणायचं होतं. माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. त्यांनी पुरीचा तुकडा मोडला, तो वाकडा मोडला गेला, त्याच्याकडे बघितलं आणि खाल्ला.

"व्होल्टेज नव्हतं," ते म्हणाले.

लोक हसले. म्हातारा संपला, असं ठरवून सगळे जेवायला लागले. लग्नासाठी गिरणी आदल्या दिवसापासून बंद होती, आणि मांडवातला प्रत्येक दिवा डोळ्यांत खुपेल इतका लख्ख जळत होता.

त्या वर्षी गणपतीच्या आधी नेहमीच्या लेकी आल्या. गोधड्या बांधल्या गेल्या. गुंडेराव प्रत्येक एस. टी. आली की दारात येऊन उभे राहत आणि उदगीरची गाडी गेली की आत जात. मंगल आली नाही. तिचा निरोपही नव्हता. ती आली दिवाळीला, नवऱ्याबरोबर, आणि अक्कांना सांगून गेली की मखर तिनं घरीच केलं, वाकडंच झालं, आणि पुढच्या वर्षी नणंदही शिकणार आहे. अक्कांनी ते भावाला सांगितलं. "जमायलंय म्हणा तिला," गुंडेराव म्हणाले, आणि बराच वेळ पट्टी पुसत बसले.

मी भालकी सोडण्याआधी शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. व्यासपीठावर लावायला शाळेचं बोधचिन्ह हवं होतं. मी चित्र दाखवलं. चिन्ह चौकोनी होतं, आत उघडलेलं पुस्तक. गुंडेरावांनी ते हातात घेतलं, परत दिलं.

"गोल करून देतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, चिन्ह चौकोनी आहे. हेडमास्तर ऐकणार नाहीत. आणि गोलाला तुम्हीच नावं ठेवत होता. खोलीत चौबारेच चौबारे रचलेले होते, लहानमोठे, एकावर एक. पलीकडे गिरणी चालू होती. खटक्याशी आता नरसिंगअप्पांचा गडी असे, आणि तो दुपारी झोपत नसे. दिवा पिवळा पडलेला होता, आणि मी गेलो तेव्हापासून त्यांनी एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

त्यांनी टेबलाच्या मधे खिळा ठोकला, नवी शीट त्यावर बसवली आणि हातानं हळूहळू फिरवायला घेतली.

"चौकोनाला पलीकडं माणूस लागतंय, मास्तर," ते म्हणाले.